हात न करणारी मुलगी

२ फेब्रुवारी

आजपासून लिहायला घेतो आहे. कारण एकच. उद्या कोणी म्हणू नये की एजिदिओ माक्रीनं हा निर्णय भावनेच्या भरात घेतला. मी विमा विकतो. डोक्यावर केस होते तेव्हापासून विकतो. कास्त्रोपियानोतली प्रत्येक गाडी, प्रत्येक दुकान आणि पाद्रीबाबांचा लाऊडस्पीकर माझ्याकडे उतरवलेला आहे. तेव्हा जोखीम म्हणजे काय, हे निदान मला तरी कोणी शिकवू नये.

झालं असं, की माझी बायको रोझाल्बा, तिचा धाकटा भाऊ नुच्चो जर्मनीला कामाला गेला आणि जाताना आपली एकशेपंचवीस सीसीची मोटारसायकल आमच्या गॅरेजात लावून गेला. म्हणाला, "भाचीला ठेवा." घड्याळ दिलं असतं, पेन दिलं असतं, कोणी नको म्हटलं होतं? भाची म्हणजे आमची नोएमी. गेल्या महिन्यात सोळा पूर्ण झाली. सोळाव्या वर्षी असल्या गाडीचं लायसन्स आपल्याकडे इटलीत काढता येतं, फक्त अर्जावर बापाची सही लागते.

बाप मी. म्हणून ही वही. नोएमी परिपक्व आहे की नाही याची मी रीतसर पाहणी करणार आहे. मग योग्य वाटलं तर, आणि तरच.

रोझाल्बा म्हणाली, "पाहणी? तू? अरे, बाथरूमचा दिवा बंद करायचं अजून तुला कळत नाही."

हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. पाहणी निःपक्षपाती आहे हे कळावं.

५ फेब्रुवारी

गाडी कशाला हवी, असं स्पष्ट विचारलं. तर म्हणाली, शेतकी शाळा खाली समुद्राकाठी, आणि बस ड्रायव्हरच्या मनात येईल तेव्हा येते. काल आलीच नाही.

मी समजावलं, की बस न येणं हासुद्धा संयमाचा एक धडा असतो.

"संयम आला पप्पा," ती म्हणाली. "बस नाही आली."

उलट उत्तर देण्याची सवय. नोंद केली.

११ फेब्रुवारी

गावाबाहेर रोझाल्बाच्या माहेरचं जुनं खळं आहे. तिथं आता गहू नाही की बैल नाही, फक्त कोंबड्या आहेत. नोएमी शाळेतून आली की गाडी ढकलत तिथं नेते. आज मी मागोमाग गेलो.

बघतो तर टोमॅटोचे रिकामे डबे ओळीनं मांडलेले. कन्या त्यांच्या मधून जाते आणि थांबते. पुन्हा जाते, पुन्हा थांबते. अंगात नुच्चोचं जाड जाकीट, त्यात ती सोफ्यासारखी दिसते. हातमोजे, बूट, आणि हनुवटीपर्यंत बंद हेल्मेट. कोंबड्यांपासून एवढं संरक्षण!

बराच वेळ मी धीर धरला. शेवटी ओरडलो, "अगं, चालव की जरा!"

तिनं हेल्मेटची काच वर केली. "चालवता सगळ्यांना येतं, पप्पा. मला थांबता येतंय का ते बघतेय."

आत्मविश्वास कमी. मुलगी थोडी भित्री आहे, हे बाप म्हणून लिहिताना वाईट वाटतं, पण पाहणी म्हणजे पाहणी.

२० फेब्रुवारी

आज प्रात्यक्षिक दिलं.

गाडी चालवणं हे काही नुसतं चाकांचं काम नाही. ते समाजात वावरण्याचं काम आहे. आपल्या गावात औषधाच्या दुकानापासून चर्चपर्यंतचा जो सरळ रस्ता आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना संध्याकाळी सगळं गाव खुर्च्या टाकून बसतं. तिथून जाणाऱ्यानं हात करायचा असतो. आणि हात करायलाही अक्कल लागते. औषधवाल्याला पूर्ण पंजा. मिम्मो न्हाव्याला दोन बोटं, जास्त केलं तर तो चढून बसतो. असुन्ताबाईंचे यजमान नुकतेच गेले, म्हणून त्यांना हात छातीवर ठेवून मान किंचित खाली. हेल्मेट अर्थातच कोपराला अडकवायचं. बंद हेल्मेट घालून गावातून जाणारा माणूस एक तर परका असतो, नाही तर दरोडेखोर.

नोएमीला माझ्या स्कूटरवर मागं बसवून मी हे सगळं करून दाखवलं. चर्चपाशी एका बाजूनं पाद्रीबाबा आणि दुसऱ्या बाजूनं मेयर एकाच वेळी आले. एकाला हात करून दुसऱ्याला टाळणं शक्य नव्हतं, तेव्हा दोन्ही हात सोडावे लागले. या वयातही मला ते जमतं.

मागून आवाज आला, "पप्पा, हँडल."

"काय झालं हँडलला?"

"काही नाही. ते धरायला असतं."

सबंध रस्ता तिनं एकालाही हात केला नाही. डोक्यावर बंद हेल्मेट. परतल्यावर मिम्मो न्हाव्यानं मला विचारलं, "दोत्तोरे, मागं कोण बसलं होतं? शहरातला कोणी होता का?" मी काही डॉक्टर नाही, पण टाय बांधणाऱ्याला गावात दोत्तोरेच म्हणतात. पोटची पोर आहे, हे सांगायची मला लाज वाटली.

ज्याला नमस्काराचं भान नाही, त्याला ब्रेकचं भान कुठून येणार?

१ मार्च

तुलना केल्याशिवाय पाहणीला अर्थ नसतो. आज तुलना आपल्या पायानं चालून आली.

रुज्जेरो हा माझा बालमित्र. बांधकामं घेतो आणि माझ्याकडचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे, पण मैत्री त्याच्याही आधीची. त्याचा मुलगा जिआनव्हितो सतरा वर्षांचा. तसलीच गाडी, लाल. आज मी मिम्मोच्या दारात बसलो होतो आणि पोरगा समोरून गेला. काय सांगावं! औषधवाल्याला पंजा, मिम्मोला दोन बोटं. असुन्ताबाई जरा उशिरा दिसल्या, तोवर तो पुढं गेला होता, तर पोरानं चालत्या गाडीवर पूर्ण मागं वळून छातीवर हात ठेवला. हल्ली इतका आदर दिसतो कुठे? मला म्हणाला, "एजिदिओकाका, तब्येत सांभाळा!"

हेल्मेट शेवटच्या घरापर्यंत कोपराला. पुढं पोलिसांची गाडी उभी असते तेवढ्यापुरतं डोक्यावर. ती ओलांडली की परत कोपराला. याला म्हणतात प्रसंगावधान.

घरी येऊन हे सगळं सांगितलं. नोएमी वाटाणे सोलत होती.

"मागं बघता येतं त्याला," ती म्हणाली. "पुढचं कोण बघतं?"

मत्सर. दुसरं काय?

१९ मार्च

संत जोसेफचा दिवस, म्हणजे बापांचा दिवस. नोएमीनं स्वतः झेप्पोले तळले. वर क्रीम, त्यावर चेरी. बशी समोर आली तेव्हा ऊर भरून आला. झेप्पोला उचलला, तर खाली लायसन्सचा अर्ज.

मी दोन खाल्ले. अर्जावर क्रीम सांडलं, तेव्हा अशा अर्जावर सही करणं योग्य नाही असं मी सांगितलं. तिनं पाठीमागून दुसरा कोरा अर्ज काढला.

"पाहणी अजून चालू आहे," मी म्हणालो.

"कशाची?"

"परिपक्वतेची."

"कोणाच्या?" रोझाल्बानं ओट्यापाशी उभ्या उभ्या विचारलं. तिच्या विनोदाला मी उत्तर देत नसतो.

२७ मार्च

पाऊस. बस आली नाही. नोएमीची मृदाशास्त्राची परीक्षा बुडाली. संयम.

४ एप्रिल

ईस्टर उद्यावर आलंय. संध्याकाळी रुज्जेरो आणि जिआनव्हितो ईस्टरचा केक घेऊन आले. पोरगा रोझाल्बाच्या दोन्ही गालांना गाल लावून भेटला, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "काका, सोमवारी आम्ही सगळी पोरं गाड्यांवर वर डोंगरात, बीचच्या झाडांच्या रानात जाणार आहोत. नोएमीला माझ्या मागं बसवून आणू का? तुमची परवानगी असेल तरच."

परवानगी! कुठला मुलगा परवानगी मागतो हल्ली? ईस्टरनंतरच्या सोमवारी सगळं गाव वर रानात जेवायला जातं. त्या दिवशी रुज्जेरोच्या मुलाच्या मागं बसून येणं हा मान आहे.

नोएमी म्हणाली, "थँक्यू, पण मी मम्माबरोबर कारनं येते."

रुज्जेरोच्या दातांखाली केकमधला बदाम फुटलेला ऐकू आला. मी हसून वेळ मारून नेली आणि तिला स्वयंपाकघरात बोलावलं.

"तुलाच ना मोटारसायकलची हौस? मग?"

"चालवायची. त्याच्या मागं बसायची नाही."

"आधी मागं बसायला शीक, मग पुढं बस!" हे वाक्य मला अचानक सुचलं, आणि फार चांगलं सुचलं असं वाटतं.

"मुलगी नको म्हणतेय, एजिदिओ," रोझाल्बा म्हणाली.

"आणि रुज्जेरो काय म्हणेल?"

"रुज्जेरोला बसायचंय का मागं?"

नोएमी माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "तुम्ही सांगताय म्हणून बसते. पण मला वाटलं तर मी उतरणार."

"उतरायला काय झालं?"

"वाटलं तर."

मी बाहेर जाऊन रुज्जेरोला सांगितलं की मुलगी लाजत होती. ईस्टरच्या तोंडावर असा विजय म्हणजे शुभशकुनच. हेल्मेट घालू नकोस एवढं मात्र मी तिला सांगू शकलो नाही. सगळं एकाच दिवशी होत नाही.

७ एप्रिल

काल लिहिलं नाही. आज क्रमानं लिहितो. विम्याच्या दाव्यात क्रम महत्त्वाचा असतो.

आम्ही कारनं आधी पोचलो. रुज्जेरोनं शेकोटी पेटवली, निखाऱ्यात आर्टिचोक पुरले, तिखट सॉसेज वर लावले. हवा छान होती. माझा फोन वाजला.

"पप्पा, मला घ्यायला या. मी वळणावरच्या चॅपलपाशी उतरलेय."

"उतरलीस? का?"

"तो हात सोडतो. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करतो आणि मागं वळून बघतो. मी खूपदा सांगितलं. हसतो नुसता."

रुज्जेरो माझ्या शेजारी उभा राहून माझ्याच ग्लासात वाइन ओतत होता. मी तोंडावर हात धरून हळू आवाजात म्हणालो, "परत बस."

"पप्पा."

"एवढं वर आणलं त्यानं बिचाऱ्यानं. लोक काय म्हणतील? माझी लाज काढू नकोस, नोएमी. बस गाडीवर."

ती मग म्हणाली, "मी चालत येते," आणि फोन बंद केला.

रुज्जेरोनं विचारलं, "कोण, पोरं का?" मी म्हणालो, "हो, येतायत."

मी ग्लास घेऊन रस्त्याकडेच्या कठड्यापाशी जाऊन उभा राहिलो. तिथून खालचं वळण दिसतं. थोड्या वेळानं लाल गाडी दिसली. जिआनव्हितो एकटाच, केस वाऱ्यावर, हेल्मेट कोपराला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोराचा अपमान झालाय, आता तो वर येऊन बापाला सांगणार. तेव्हा आपल्याकडून काहीतरी गोडी दाखवावी म्हणून मी, मी वयानं मोठा असून, आधी हात वर केला. ग्लासासकट. "ओ जिआनव्हितो!" म्हणून हाकही मारली.

त्यानं लगेच हात केला. पूर्ण पंजा. मला ओलांडून पुढं गेला तरी मान वळवून माझ्याकडे बघत हसत होता.

रस्ता तिथं वळतो. तो वळला नाही.

रुज्जेरो धावला. बायका ओरडत होत्या. कोणीतरी पोराला उचलून कारमध्ये घालायला निघालं. तेवढ्यात खालून नोएमी पळत आली, तिनं आवाज ऐकला असणार. ती ओरडली, "हलवू नका त्याला! कोणी हलवू नका!" एवढ्या मोठ्यानं ती ओरडू शकते हे मला माहीत नव्हतं. तिनं मिम्मोला आपलं जाकीट देऊन वळणावर गाड्या अडवायला पाठवलं, ॲम्ब्युलन्सला कुठं यायचं ते फोनवर सांगितलं आणि रस्त्यावर गुडघे टेकून त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून बसली. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तिनं हात काढले नाहीत. त्याच्याशी बोलत होती. काय ते मला ऐकू आलं नाही.

माझ्या हातात ग्लास तसाच होता. वाइन सांडलीसुद्धा नव्हती. हे मी का लिहितोय कोण जाणे.

हेल्मेट कोपरावरून निघालं नव्हतं. हॉस्पिटलमधले डॉक्टर म्हणाले, कोपराला ओरखडाही नाही.

९ एप्रिल

जिआनव्हितो अजून शुद्धीवर नाही.

गावात बोलणी सुरू झाली आहेत. अर्ध्या वाटेत उतरणं हा अपशकुन आहे, असं असुन्ताबाईंचं म्हणणं. माझी दाढी करताना मिम्मो म्हणाला, "वाईट नका वाटून घेऊ दोत्तोरे, पण मागं पोरगी असती तर त्यानं सांभाळून चालवलं असतं. उतरली आणि त्याचं चित्त उडालं. तरुण रक्त असतं हो."

मी "हं" म्हणालो.

नुसतं "हं". अपघाताच्या जागी कधीही जबाबदारी कबूल करायची नाही, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. पॉलिसीच्या मागं छापलेलंसुद्धा आहे.

रात्रीच्या जेवणाला रोझाल्बानं विचारलं, "नोएमी, तू नक्की का उतरलीस गं?"

"भीती वाटली."

"मग फोन नाही का करायचा आम्हाला?"

नोएमीनं पाव मोडला. "रेंज नव्हती," ती म्हणाली.

मी सूप पीत होतो. चांगलं झालं होतं.

१४ एप्रिल

शहरातल्या हॉस्पिटलात जाऊन आलो. जिआनव्हितोनं डोळे उघडलेत. आईला ओळखत नाही. बोलत नाही. पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिलो तेव्हा माझा हात आपोआप वर गेला. त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

हा मुलगा रस्त्यानं जाताना गेलेल्या माणसांच्या बायकांनासुद्धा हात करायला विसरत नव्हता.

रुज्जेरो म्हणाला, "हळूहळू येईल म्हणतात. किती येईल ते सांगत नाहीत."

दाव्याचा कागद मलाच भरायचा होता. त्यात प्रश्न आहे, हेल्मेट घातलं होतं का. कुठे घातलं होतं हा प्रश्न नाही, कारण कागद तयार करणारा माणूस आपल्या गावचा नसणार.

१९ एप्रिल

शाळेत कोणीतरी नोएमीच्या बाकावर "पनवती" असं कोरलं. तिनं घरी सांगितलं नाही, रोझाल्बाला दुसऱ्या एका आईकडून कळलं. रोझाल्बा तासभर भांडी घासत होती, स्वच्छ असलेलीसुद्धा. मी म्हणालो, "पोरं आहेत, विसरतील."

"एजिदिओ," ती म्हणाली, "तू त्या दिवसापासून माझ्याकडे बघून बोलत नाहीस. काय आहे?"

मी सांगितलं की ऑफिसात काम फार आहे.

२५ एप्रिल

काही नाही.

२ मे

आज रुज्जेरोला सांगितलं. हॉस्पिटलच्या मागच्या पायऱ्यांवर. तो सिगारेट ओढत होता. आधी फोनचं सांगितलं. मग म्हणालो, "रुज्जे, त्यानं मला हात केला. म्हणजे मी आधी केला. मी केला नसता तर तो समोर बघत होता."

त्यानं सिगारेट तोंडातून काढली. मला वाटलं आता मारणार. मारायलाच हवं होतं.

"मग त्यानं करायलाच हवा होता ना," तो म्हणाला. "मोठ्यांनी हात केला तर... मीच शिकवलंय त्याला. एवढासा होता तेव्हा गाडीच्या टाकीवर पुढं बसवून गावातून न्यायचो. त्याचा हात धरून वर करायचो. कर हात, त्या आजोबांना कर हात. पडेल म्हणून दुसऱ्या हातानं त्याला धरायचो." त्यानं सिगारेट टाकली. "म्हणजे तेव्हा हँडल कोण धरत होतं रे, एजिदिओ?"

एवढं बोलून तो रडायला लागला. मीही रडलो. शेजारून एक नर्स गेली, तर आम्ही दोघांनीही तिला हात केला. आम्हाला दुसरं काही येतच नाही.

३ मे

रोझाल्बाला सांगितलं. ती उठली, नोएमीच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

६ मे

मिम्मोकडे दाढीला गेलो. दुकान भरलेलं होतं. औषधवाला, मेयरचा मेहुणा, आणखी दोघं. तोंडाला साबण लागला होता तेव्हा मिम्मोनं परत काढलं, "तुमची कन्या काय म्हणते, दोत्तोरे? अजून गाडीचं खूळ आहे का डोक्यात? एवढं झाल्यावर?"

"तिनं मला फोन केला होता," मी म्हणालो. "तो हात सोडून चालवतोय, घ्यायला या म्हणाली. मी सांगितलं, परत बस."

वस्तरा थांबला.

"म्हणजे बापानं बस सांगितलं आणि तिनं ऐकलं नाही?" मिम्मोनं आरशातून बाकीच्यांकडे पाहिलं. "मग तरी तेच झालं ना. हट्टी पोरगी."

"आजकालच्या मुलींना वळणच नाही," औषधवाला म्हणाला.

माणसं किती मूर्ख असू शकतात, हे आरशात बघितल्यावरच नीट दिसतं. पहिला चेहरा माझाच होता, अर्ध्या साबणाचा.

"ऐकलं नाही म्हणून ती घरी आहे," मी म्हणालो. आवाज फारच चढला. "ऐकलं असतं तर आज हॉस्पिटलात दोन पलंग असते. नाही तर एक पलंग आणि एक शवपेटी. आणि तुम्ही सगळे फुलं घेऊन आला असता, हरामखोरांनो, आणि म्हणाला असता, किती वळणाची मुलगी होती!"

तसाच उठलो. अर्धी दाढी केलेली, अर्धी तशीच. घरी आलो तर रोझाल्बानं बघितलं आणि बाथरूममधून माझा वस्तरा आणून दिला. गेल्या महिन्याभरातलं तिचं हे पहिलं प्रेमाचं काम.

११ मे

संध्याकाळी खळ्यावर गेलो. नोएमीनं विहिरीवरून पाणी आणून जमीन भिजवली होती आणि ओल्यावर ब्रेक लावत होती. मी कोंबड्यांच्या शेजारी बसलो. तिचं झाल्यावर खिशातून अर्ज काढून दिला. सही केलेला.

तिनं नीट वाचला, दोन्ही बाजूंनी. माझीच मुलगी.

"झाली पाहणी?"

"झाली."

"काय निघालं?"

"एक जण नापास."

ती हसली नाही. गाडीच्या टाकीवर अर्ज ठेवून हातमोजे काढत बसली. मी म्हणालो, "नोएमी, त्या दिवशी फोनवर मी जे म्हणालो..."

"माहितेय पप्पा. मीच होते फोनवर."

मी आणखी बरंच काही बोलणार होतो. तयारी करून गेलो होतो. शेवटी एवढंच म्हणालो, की मला माफ कर, आणि मला लाज वाटते, लोकांसमोर नाही, तुझ्यासमोर.

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "अर्ज लगेच नाही देणार मी. ओल्यावर मागचं चाक अजून सरकतं माझं. ते थांबलं की देईन."

मला वाटायचं की परवानगी माझ्याकडे आहे.

२८ जून

नोएमीला शिकाऊ परवाना मिळाला. आज ती पहिल्यांदा गावातून गेली.

मी मुद्दाम मिम्मोच्या दारात जाऊन बसलो. त्याच्याशी बोलणं परत सुरू झालंय, गावात दुसरा न्हावी नाही. उकाडा मरणाचा होता. सगळ्या खुर्च्या भरलेल्या. रुज्जेरो आला होता. जिआनव्हितोला त्यानं शेजारी बसवलं होतं, गुडघ्यांवर टॉवेल टाकून. आता तो "पाणी" म्हणतो, आईला ओळखतो असं वाटतं.

औषधाच्या दुकानाकडून आवाज आला. जूनच्या उन्हात नुच्चोचं जाड जाकीट, हातमोजे, बंद हेल्मेट. सगळ्यांना कळलं कोण ते. गंमत म्हणून असेल, सवय म्हणून असेल, दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवरून हात वर व्हायला लागले. असुन्ताबाईंनी केला. मेयरनं केला. रुज्जेरोचा हात अर्धा वर गेला आणि त्यानं तो मुलाच्या खांद्यावर ठेवला.

"दोत्तोरे, तुमची पोरगी!" मिम्मो ओरडला. "अहो, हात करा की! पहिलाच दिवस आहे तिचा!"

माझा हात मांडीवरून उठला. मी उठवला नाही, तो आपणहून उठला. मी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसलो.

ती आमच्या समोरून गेली. मान सरळ, दोन्ही हात हँडलवर. चर्चपाशी चौकात कुत्रंही नव्हतं, तरी पूर्ण थांबली. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं आणि वळली.

"बापाकडे बघितलंसुद्धा नाही," मिम्मो म्हणाला.

"नाही," मी म्हणालो. गाडीचा आवाज पार थांबेपर्यंत मी हात बाहेर काढले नाहीत.